मुळं नसलेलं झाड आणि करमाडचा गाळ

कापूस फुटला की मला समुद्र आठवतो. हे वाक्य मी आमच्या शहरात ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं आधी माझ्याकडे आणि मग काळजीनं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. छत्रपती संभाजीनगरात समुद्र म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत बघून यायची गोष्ट. इथं पाणी नळाला येतं, तेही त्याची लहर लागली तर. पण मी काय करू? यंदाही दिवाळी उरकून करमाडला, माहेरी निघाले. शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्या, जालना रोडच्या दोन्ही अंगांना उकललेली बोंडं दिसायला लागली, आणि गाडीच्या काचा बंद असताना माझ्या नाकात तो खारा, किंचित कुबट वास शिरला. मी म्हटलं, "काच खाली कर ना जरा." नवरा म्हणाला, "आला का तुझा समुद्र?" संसाराला आठ वर्षं झाली की माणसाला एवढं समजायला लागतं.

ह्या वेड्या सांगडीला कारण आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाढतं. शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हौदाची बुळबुळीत भिंत येते. हे तसलं नव्हे. हे हातभर लांब, फांद्याफांद्यांचं, मुगाएवढ्या हवेच्या फुग्यांवर पाण्यात ताठ उभं राहणारं असतं. भरतीच्या वेळी वरून पाहिलं तर पाण्याखाली तुरीचं रान डोलतंय असं वाटतं. आणि ह्याचा बी धरायचा हंगाम नेमका आपल्याकडे कापूस वेचायचा. अशा दोन थंड्या मी पुंडलिकनगरातल्या गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या टबांपुढं उकिडवी बसून काढल्या. पहिलीत सपशेल आपटले. दुसरीबद्दल मात्र मला आजही कुणी बोलायला बोलावलं तर मी चहा अर्धा टाकून जाईन.

पीएचडीचं काम होतं ते. प्रश्न अगदी छोटा. पावसाळ्यात नद्या-खाड्या लाल-तांबडा गाळ घेऊन समुद्रात येतात. तो गाळ किनाऱ्याच्या खडकांवर बसतो. तिथं नुकत्याच रुजणाऱ्या कोवळ्या शेवाळाचं त्यानं काय होतं? बस, एवढंच. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, त्यांनी हा विषय विभागात सांगितला तेव्हा हशा पिकला. "मराठवाड्यात बसून समुद्र! आधी प्यायला तरी पाणी येऊ द्या," असं कुणीतरी म्हणालं. सर शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "दगड तोच आहे." त्यांचं खरंच होतं. तिकडचा काळा कातळ आणि आमच्या माळावरचा काळा दगड एकाच लाव्ह्याची पोरं. मी माझ्या प्रयोगासाठी तळहाताएवढ्या फरश्या करमाडजवळच्या खाणीवरूनच आणल्या. त्या दगडांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि तोपर्यंत मीही दोनदाच पाहिला होता.

गाळाशी मात्र माझी ओळख जन्माची. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की सगळं करमाड ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन त्याच्या तळाशी उतरायचं. भेगाळलेला काळा गाळ खणायचा, भरायचा, आपल्या मुरमाड रानावर नेऊन पसरायचा. लहानपणी मी भरलेल्या ट्रॉलीवर चढून बसायची. वरून ऊन भाजायचं आणि खाली गाळ गार लागायचा, फ्रॉकमधून ओल चढायची. आई ट्रॉलीबरोबर चालायची. मधेच एखादं ढेकूळ उचलून चुरायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "सोनं हाय हे. ह्याच्यात दगड पेरला तरी उगवन." गाळ घातलेल्या वर्षी आमची ज्वारी खरंच डोक्याच्या वर जायची. तेव्हा गाळ म्हणजे खाऊ, गाळ म्हणजे पोषण, हे मला कुणी शिकवलं नाही. ते अंगातच होतं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

पहिल्यांदा रत्नागिरीच्या बाजूच्या एका गावी गेले ती ओहोटीचं वेळापत्रक हातात धरून. पाणी मागं सरलं आणि कातळ उघडा पडायला लागला. सगळीकडून थेंब ठिबकल्याचा, बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज. शेवाळ आडवं पडलेलं, ओलं, चकाकणारं. खडकाच्या खोलगट जागांमध्ये गाळ साचला होता, आणि त्या गाळात बुडखा बुडवून मोठमोठी झाडं मजेत वाढली होती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून स्वतःशी म्हटलं, बघ, इथंही गाळच पोसतोय. वहीत तसं लिहूनही ठेवलं. ती वही अजून आहे. ते पान उघडलं की माझी मलाच दया येते आणि हसूही येतं.

परतताना एसटीत दोन कॅन समुद्राचं पाणी आणि एक थर्मास-पेटी भरून ओलं शेवाळ. कंडक्टर आमच्याकडचाच निघाला. कॅनवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, ह्यात काय हाय? रॉकेल-बिकेल नाय ना?"

"नाही हो. समुद्राचं पाणी आहे."

"समुद्राचं?" त्याचा विश्वास बसेना. त्यानं झाकण फिरवलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून अख्ख्या गाडीला सांगितलं, "खरंच समुद्र हाय की वो!" मग पुढचा सगळा प्रवास मागच्या बाकावरची एक आजी दर थांब्यावर वाकून विचारायची, "सांडला तर नाय ना बाई तुझा समुद्र?" आमच्या लोकांचं हे मला फार आवडतं. हसतात पोटभर, पण एकदा हसून झालं की तुमचं ओझं त्यांचंही होतं.

विभागात मला जागा मिळाली होती जिन्याखालची, जिथं ऊन यायचं नाही. म्हणून टब खोलीवर. माशांच्या दुकानातून हवेचे पंप आणले, पाणी कोमट ठेवायच्या कांड्या आणल्या. आपली थंडी समुद्राला कुठली सोसायला! दुपारी टब खिडकीच्या उन्हात सरकवायचे, ऊन कललं की त्यांना गोधड्या पांघरायच्या. घरमालकीणबाई वर येऊन बघून गेल्या आणि खाली जाऊन म्हणाल्या, पोरगी अभ्यासानं बिघडली.

पिकलेल्या फांद्या फरश्यांच्या वर टांगल्या की एकदोन दिवसांत त्यांच्यातून गर्भ गळून खाली पडतात. खसखशीपेक्षा बारीक, तपकिरी ठिपके. पडले की काही तासांत ते बुडाशी केसांसारखे तंतू सोडतात आणि दगडाला धरतात. भिंगातून ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. इतकं लहान काहीतरी, आणि त्याला कुणी न सांगता ते दगड धरतं!

त्याच आठवड्यात आई मला बघायला आली. बरोबर भाकरी, ठेचा, आणि कापडी पिशवीत बांधलेला तलावाचा गाळ, कुंडीसाठी म्हणून. टबांपुढं तीही उकिडवी बसली. मग म्हणाली, "निस्त्या खाऱ्या पान्यात लेकरं जगतेत व्हय? काय तरी खाया घाल त्यायला."

"आई, त्यांना पाण्यातूनच मिळतं सगळं."

"मिळत आसन. पर चिमूटभर घातल्यानं काय बिघडतंय?"

शेवाळाला मूळ नसतं, हे मी बी.एस्सी.पासून दर परीक्षेत लिहीत आले होते. बुडाशी असते ती नुसती पकड. ती अन्न शोषत नाही, फक्त दगड सोडत नाही. अन्न ते सगळ्या अंगानं पाण्यातून घेतं. हे सगळं मला पाठ होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. हात शेतकऱ्याच्या पोरीचे. आई गावाकडे परत गेली त्या संध्याकाळी मी फांद्या बदलल्या, नवीन फरश्या मांडल्या, आणि पिशवी सोडून प्रत्येक टबात चिमूट चिमूट गाळ भुरभुरवला. ज्यात गाळ घालून बघायचं होतं त्यांत तर घातलाच, पण तुलनेसाठी जे दोन टब अगदी स्वच्छ ठेवायचे होते, त्यांतही. कोरडी चिमूट पाण्यावर पडली, क्षणभर तरंगली आणि धूर खाली बसावा तशी फरशीवर पसरली. मला फार बरं वाटलं. पंगतीत सगळ्यांच्या पानावर वाढून झाल्यासारखं.

पुढं काय झालं ते लांबवत नाही. दहाव्या दिवशी फरश्या पाण्यात विसळून भिंगाखाली धरल्या तर सगळ्या उघड्या. एकही ठिपका नाही. गढूळ टबांत नाही, स्वच्छ टबांतही नाही, कारण स्वच्छ टब मी ठेवलाच नव्हता. नुसती रोपं मेली असती तर तोही एक निकाल झाला असता. इथं कशामुळं मेली हे सांगायचीच सोय मी उरू दिली नव्हती. मी सरांना तोंड वर न करता सांगितलं, "पाणी प्रवासात नासलं असावं, सर."

ते खोटं होतं, आणि ते मी सहज बोलले. सर म्हणाले, "ठीक. मुदतवाढ एकदाच मिळते. पुढची थंडी शेवटची. तेव्हा फरशीवर काही उभं राहिलं तर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द. मग मीही काही करू शकणार नाही." तिकडे करमाडला स्थळं यायला लागली होतीच. वडील काही बोलायचे नाहीत, पण फोनवर त्यांचा 'बरं' दिवसेंदिवस लांबत चालला होता.

आता मी कॉलेजात शिकवते. प्रयोगाच्या पहिल्या तासाला मुलांना सांगते, ज्या कुंडीला काही करायचं नाही असं ठरवलंय तिला खरंच काही करू नका. मुलं माना डोलावतात, आणि आठवड्यानं बघावं तर त्याच कुंडीला कुणीतरी जास्तीचं पाणी घातलेलं असतं. मी रागावते, पण मनातून नाही रागावू शकत. वाढवणाऱ्या घरातून आलेली लेकरं आहेत. काहीच न करणं त्यांना पाप वाटतं.

त्या मधल्या पावसाळ्यात मी काही केलं नाही. टब पालथे घातले, कातळाच्या फरश्या गच्चीवर ओळीनं ठेवल्या आणि रोज त्यांच्याकडे बघून रोज खाली उतरले. मग नवरात्राच्या आधी घरमालकांनी गच्चीचा लोखंडी कठडा रंगवायला शकीलचाचांना बोलावलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपाटं आणि गेट रंगवायचं शेड होतं. त्याआधी हयात गेली ती वाळूजला, गाड्यांच्या रंगखात्यात. पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल, आणि बोलणं अर्धं आपलं अर्धं दखनी.

दोन दिवस ते रंगाचा डबाच उघडेनात. नुसतं पॉलिश पेपरनं घासायचे, फडक्यानं पुसायचे, बोट फिरवून बघायचे, पुन्हा पुसायचे. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "चाचा, रंग कधी लावणार?"

"लावतो ना बेटा. रंग तर घंटाभराचं काम. पुसायलाच टाइम लागतो." मग पालथ्या टबांकडे मान करून म्हणाले, "तुम क्या मच्छी पालरे थे क्या इसमें?"

मी त्यांना सांगितलं. का कोण जाणे, सरांना सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. समुद्र, ठिपके, आईचा गाळ, चिमूट. ते खाली बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझी एक फरशी उचलली, तिच्यावरून बोट ओढलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. त्याच्यावर धूळ होती.

"ये देखो. कंपनीत आमच्या खात्यात शिरायच्या आधी कपडे झटकायचे, हवेच्या झोतातनं जायचं. का? एवढी धूळ पत्र्यावर असली ना, तर रंग पत्र्याला नाही, धुळीला पकडतो. दिसायला झकास. आणि पहिल्या पाण्यात पपडी निघून येते." त्यांनी फरशी माझ्या हातात दिली. "तुझं बाळ दगडाला पकडतंय म्हणते ना? तू दगड आणि बाळाच्या मधे चादर घातली. वो चादर को पकड्या, चादर बह गई."

मीही त्या फरशीवरून बोट ओढलं. माझी रोपं उपाशी मेली नव्हती, विषारी पाण्यानं मेली नव्हती, गुदमरलीही नसतील कदाचित. त्यांना दगडच सापडला नव्हता. त्यांनी आपल्या परीनं धरलं होतं, पण जे धरलं तेच सुटं होतं. इतकी पुस्तकं वाचलेली मी, आणि मला हे रंगाच्या फडक्यानं कळलं! मी आनंदानं ओरडले असणार, कारण घरमालकीणबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"और एक बात," चाचा कठड्याकडे वळताना म्हणाले, "रंग एकदा बसला, सुकला, की मग त्याच्यावर कितीबी धूळ पडू दे. फडका मारला, खलास. सुकायच्या आधीची धूळ आणि सुकल्यानंतरची धूळ, दोन अलग चीजा आहेत."

माझा अख्खा प्रबंध ह्या तीन वाक्यांवर उभा आहे. आभाराच्या पानावर त्यांचं नाव सरांच्या खालोखाल आहे, आणि मला ते वर घालायचं होतं.

ती थंडी! ती थंडी आठवली की आजही चालताना पाय जरा उचलून पडतात. कापूस फुटायला लागला, मी कोकणात धावले. खाडीच्या तोंडाशी साचलेला तांबडा गाळ आणला, गच्चीवर वाळवला, मैद्याच्या चाळणीनं चाळला. तलावाच्या गाळाची पिशवी बांधून वरच्या फळीवर टाकली. फरश्या ब्रशनं घासल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या, बोट ओढून पाहिलं, पुन्हा धुतल्या. अगदी चाचांसारखं. मग चार वाटण्या केल्या. काही फरश्यांवर बी पडायच्या आधी पातळसा गाळ. काहींवर बी पडल्यावर दुसऱ्या दिवशी, तेवढाच गाळ. काहींवर तीन आठवडे थांबून, तेवढाच. आणि काही अगदी स्वच्छ. त्या स्वच्छ टबांवर मी ताटं झाकली आणि ताटांवर विटा ठेवल्या, माझ्याच हातांना भिऊन. फक्त दुपारच्या उन्हापुरती विटांसकट ताटं काढायची, आणि तेवढा वेळ मी हात मागं बांधून बसायची.

दुपारी खिडकीतून ऊन यायचं, पंप गुरगुरायचे, पाण्यात सोनेरी कण हलायचे. खाली भाजीवाला ओरडायचा, वाळूजच्या पाळीची बस गल्लीच्या टोकाशी हॉर्न द्यायची, आणि वर माझ्या खोलीत बारा टब समुद्र निमूट बसलेला असायचा. मी दिवसातून दोनदा मोजायची, आणि बाकीचा वेळ मोजायचा मोह आवरायची.

तीन आठवडे झाले, तिसऱ्या वाटणीवर गाळ घातला. पाचेक दिवसांनी सगळ्या फरश्या एकेक करून धारेखाली धरल्या, लाटेचा मार बसावा तशा. पहिली, आधी गाळ घातलेली. धार लागली आणि जे काही होतं ते तांबड्या ओघळाबरोबर निघून गेलं. फरशी पुसलेल्या पाटीसारखी. दुसरी, दुसऱ्या दिवशी गाळ घातलेली. बरंच गेलं, थोडी चिवट मंडळी राहिली. मग तिसरी. तिच्यावर गाळाचा थर होता, खाली काय आहे दिसत नव्हतं. मी धार सोडली. गाळ वाहिला. आणि खालून ती उभी राहिली. तांदळाच्या कणीएवढी, इवल्या पात्यांची, तपकिरी, ओळीच्या ओळी, धारेत लवत होती आणि पुन्हा सरळ होत होती. नळ पूर्ण सोडला. लवली, सरळ झाली. मी म्हटलं, "हल! हल बघू!" एकही जागचं हललं नाही. ताटांखालच्या स्वच्छ फरश्यांवरही तशीच उभी होती.

नळ तसाच सोडून मी चपला न घालता गल्लीच्या तोंडापर्यंत धावले. पुंडलिकनगरात पाणी वाया घालवणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल, पण त्या दिवशी मला समुद्राखेरीज दुसरं पाणी दिसत नव्हतं. शकीलचाचा एका कपाटाला अस्तर मारत होते. त्यांना मी हाताला धरून वर आणलं. त्यांनी टोपी सारखी केली, भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं.

"माशाल्ला," ते हळूच म्हणाले. "पकड लिया. हौ, पकड लिया." मग एकदम धंद्याच्या आवाजात, "फिनिशिंगबी चांगली आहे."

सरांनी आकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजले. तेच आले. तेव्हा सर खुर्चीतून उठले, जिन्याखालच्या माझ्या रिकाम्या जागेपर्यंत चालत गेले, आणि तिथून विभागातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "समुद्र आला बरं का!"

प्रबंध लिहिला. पहिल्या थंडीबद्दल त्यात एकच ओळ घातली, की पहिल्या हंगामात कुठल्याच टबातली रोपं टिकली नाहीत. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं. आमच्याकडे अशा परीक्षेला घरचे लोक नवे कपडे घालून, पेढे घेऊनच येतात, जणू निकाल आधीच लागलाय. वडील जनावरांपाशी थांबले. आई आली, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, शेवटच्या रांगेत शकीलचाचांच्या शेजारी बसली. बाहेरच्या परीक्षक किनाऱ्याकडच्या होत्या, केस पिकलेल्या, हयात ओहोटीत भिजलेल्या बाई. तासभर इंग्रजीत प्रश्न चालले, मी उत्तरं देत होते, बरी देत होते. मग त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं, त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, पहिल्या हंगामातली सगळी रोपं गेली, स्वच्छ टबातलीसुद्धा. का?

पाणी नासलं असावं, हे वाक्य इंग्रजीत माझ्या ओठांवर तयार होतं. त्यावर कुणी काही म्हणणार नव्हतं. खरं इंग्रजीत सांगायचीही सोय होती, म्हणजे परीक्षक बाईंना कळलं असतं आणि शेवटच्या रांगेला नाही. आईला मी कधीच सांगितलं नव्हतं, की तिच्या पिशवीतल्या चिमटीनं माझं एक वर्ष गेलं. मी सरांकडे पाहिलं. सर वाट बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सरांना पहिल्यापासून माहीत होतं; एरवी 'पुन्हा मोजा' म्हणणाऱ्या त्यांनी ते नासलेलं पाणी कधी बघायलाही मागितलं नव्हतं.

मी मराठीत सांगितलं. सगळं. की मी शेतकऱ्याची मुलगी आहे, की गाळ घातला की पीक येतं हे माझ्या हातात आहे, की शेवाळाच्या झाडाला मूळ नसतं हे माहीत असूनही मी खत समजून प्रत्येक टबात, स्वच्छ टबातही, करमाडच्या तलावाचा गाळ घातला. की पाणी नासलं नव्हतं. की मी सरांशी खोटं बोलले होते.

आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभी राहिली होती.

"बाई," ती परीक्षकांना म्हणाली, "त्यो गाळ म्या दिलता. हिला काय बोलू नका." कुणीतरी हसलं. आईनं तिकडे लक्ष दिलं नाही. "पर मला एक सांगा. आत्ताच ही म्हनली, त्या झाडाला मूळच नाय म्हनून. आता ज्याला मूळ नाय, त्यानं गाळ खावा कसा? मंग ह्याच्यात आमच्या गाळाचा काय दोष?"

आता सगळेच हसले. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. "उत्तर द्या. आज विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे."

मी आईकडे बघून म्हणाले, "गाळाचा दोष नाही आई. त्याला आधी दगड धरू द्यायला पाहिजे होता. एकदा धरला, की वरून गाळ आला तरी ते हलत नाही. मी आधीच घातला. घाई माझी."

"मंग असं म्हन की," आई म्हणाली. "पेरायच्या आधी काय अन् पेरल्यावर काय, येळ चुकली की सोनंबी माती हाय." आणि पदर सावरून खाली बसली.

परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. "माझे प्रश्न संपले," त्या म्हणाल्या. "तेवढं पहिल्या हंगामाचं त्या एका ओळीऐवजी नव्यानं लिहा. आत्ता बोललात तसंच."

अध्यक्ष उठले. त्यांनी इंग्रजीत एक लांबलचक वाक्य सुरू केलं, विद्यापीठ, नियम, शिफारस असलं काहीबाही, आणि ते अर्ध्यात असतानाच शेवटच्या रांगेतून एकटीच टाळी वाजली. आई उभी राहून वाजवत होती, भाकरी थापल्यासारखी, जोरात, एका लयीत. अध्यक्ष थांबले, हसले, आणि उरलेलं वाक्य टाळ्यांतच बोलून टाकलं. शकीलचाचा टोपी काढून डोळे पुसत होते.

बाहेर पेढे वाटताना मी तिला विचारलं, "तुला इंग्रजी कधीपासून कळायला लागलं गं? त्यांचं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं."

"मला कशाला कळाया लागतंय?" आई म्हणाली. "त्यायनी तुझं नाव घेतलं, अन् नावाच्या आधी कायतरी लावलं. तेवढं ऐकलं म्या." तिनं माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, मला बोलताच येऊ नये असा. "नावानंतर बापाचं लागतंय. उद्या लगीन झालं की नवऱ्याचं लागन. पर आधी जे लागलं ना, ते निस्तं तुझं हाय."